क्रेडिट कार्ड : कुलूप कोठे, किल्ली कोणाकडे?

पैशाचे रूप बदलले की चोरीचेही रूप बदलते. नाणी जमिनीत पुरून ठेवण्याचा काळ होता तेव्हा चोर भिंत फोडून येत. नोटा आल्या तसे खिसेकापू आले आणि खोट्या नोटा छापणारेही आले. आता पैसा प्लॅस्टिकच्या एका चपट्या तुकड्यात येऊन बसला आहे, तेव्हा त्याच्या मागे लागणारी एक नवी जमात निर्माण झाली यात नवल नाही. नवल आहे ते याचे, की हे कार्ड रोज वापरणाऱ्या सुशिक्षितांनाही त्यावरील उघड काय आणि गुप्त काय हे नीट सांगता येत नाही. घराचे कुलूप कोठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो किल्ली जपणार कशी? म्हणून या लेखात प्रथम कार्डाची रचना, नंतर त्यावर पडणारे दरोडे आणि शेवटी आपल्या हाती असलेले उपाय, असा क्रमाने विचार करावयाचा आहे.

थोडा पूर्वेतिहास

उधारीच्या कार्डाचा आधुनिक जन्म अमेरिकेतला. १९५० साली डायनर्स क्लबने काही उपाहारगृहांत चालणारे कार्ड काढले. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात सुमारे ६०,००० लोकांना, त्यांनी मागितलेली नसताना, टपालाने कार्डे पाठवून दिली. पुढे इतर बँकांनीही हाच कित्ता गिरवला. टपालाच्या वाटेवरच कार्डे चोरीस जाऊ लागली आणि ज्यांनी कार्डाचे तोंडही पाहिले नव्हते त्यांच्या नावावर बिले येऊ लागली. अखेर १९७० साली अमेरिकन काँग्रेसने न मागितलेली कार्डे पाठविण्यास बंदी केली आणि चोरीच्या कार्डाबद्दल ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती मर्यादित केली.

या कायद्याचा एक परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. चोरीचा भुर्दंड बँकेवर पडू लागल्यामुळे चांगली कुलपे बनविण्यात बँकेचेच हित निर्माण झाले. याच्या उलट ब्रिटनमध्ये बरीच वर्षे ‘आमच्या यंत्रात चूक होणेच शक्य नाही, चूक तुमची’ असे ग्राहकाला सांगण्याची रीत होती. केंब्रिज विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी १९९३ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात अशा यंत्रणा प्रत्यक्षात कोठे आणि कशा फसतात हे दाखवून दिले. तात्पर्य, कार्डाची सुरक्षितता हा केवळ यंत्राचा प्रश्न नव्हे. नुकसान कोणाच्या पदरात पडते, यावरही ती अवलंबून असते. हा मुद्दा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले. त्या काळी दुकानदार कार्ड एका हातयंत्रावर ठेवून कार्बनच्या पावतीवर त्याचा ठसा उमटवी, गिऱ्हाइकाची सही ताडून पाही आणि चोरीच्या कार्डांची छापील यादी चाळी. म्हणजे पुरावा काय, तर हातातले कार्ड आणि त्यावरची सही, एवढाच. आज हा पुरावा निरनिराळ्या पाच-सहा गोष्टींत विभागला गेला आहे. त्या एकेक पाहू.

कार्डावर काय असते?

पहिली गोष्ट म्हणजे कार्डाचा क्रमांक. बहुतेक कार्डांवर तो १६ आकडी असतो. त्यातील सुरुवातीचे सहा किंवा आठ आकडे कार्ड कोणत्या बँकेचे हे सांगतात. अगदी शेवटचा आकडा पडताळ्याचा असतो. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी ही पडताळ्याची युक्ती शोधली आणि १९५४ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. युक्ती अशी : उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक आकड्याची दुप्पट करावयाची, दुप्पट दोन आकडी आली तर ते दोन आकडे मिळवावयाचे आणि सर्वांची बेरीज दहाने नि:शेष भागली जाईल असा शेवटचा आकडा लावावयाचा. समजा, मूळ संख्या ४७२६ आहे. ६ ची दुप्पट १२, म्हणजे १ आणि २ मिळून ३. पुढचा २ तसाच. ७ ची दुप्पट १४, म्हणजे ५. पुढचा ४ तसाच. बेरीज १४ झाली. ती २० करण्यासाठी ६ हवेत, म्हणून पूर्ण क्रमांक ४७२६६. लिहिताना एखादा आकडा चुकला तर तो लगेच पकडला जावा, एवढाच या युक्तीचा हेतू. ती कागद-पेन्सिलीने कोणालाही करता येते, तेव्हा तिच्यात कसलीही गुप्तता नाही. कार्डाचा क्रमांक हे कार्डाचे नाव आहे, कुलूप नव्हे.

यातूनच फसवणुकीचा एक नेहमीचा डाव उकलतो. फोनवरचा माणूस तुमच्या कार्डाचे पहिले आकडे घडाघडा म्हणून दाखवतो आणि आपल्याला वाटते, हा बँकेचाच माणूस असला पाहिजे. वस्तुतः एकाच बँकेच्या एका प्रकारच्या हजारो कार्डांवर ते आकडे सारखेच असतात.

दुसरी गोष्ट पाठीमागची काळी चुंबकीय पट्टी. ध्वनिफितीवर गाणे मुद्रित करावे तशी तिच्यावर कार्डाची माहिती मुद्रित असते. ही माहिती कधीच बदलत नाही, म्हणून तिची नक्कल करता येते. हेच जुन्या कार्डाचे मर्मस्थान होते.

तिसरी गोष्ट समोरची सोनेरी चिप. हा एक अगदी लहान संगणकच आहे. दुकानातील यंत्रात कार्ड घातले की चिप आपल्या पोटातील गुप्त किल्लीच्या साहाय्याने त्या एका व्यवहारापुरती एक नवी सांकेतिक खूण तयार करते आणि बँक ती तपासते. उद्या कोणी ती खूण चोरून पुन्हा वापरू म्हणेल तर ती चालत नाही. गुप्त किल्ली चिपच्या बाहेर कधी येतच नाही. पट्टी म्हणजे ठरलेला रबरी शिक्का, तर चिप म्हणजे दर वेळी समोर बसून केलेली ताजी सही, असे म्हणावयास हरकत नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत केवळ पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे द्यावीत असा आदेश दिला, त्यामागचे कारण हेच.

चौथी गोष्ट पाठीमागे छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही. फोनवर किंवा इंटरनेटवर खरेदी करताना कार्ड खरोखर आपल्या हातात आहे याचा हा पुरावा. म्हणून व्यवहार पुरा झाल्यावर तो साठवून ठेवण्यास दुकानदारांना मनाई असते.

पाचवी गोष्ट पिन, म्हणजे चार आकडी गुप्त क्रमांक. चार आकड्यांच्या एकूण १०,००० जोड्या होतात आणि तीन-चार प्रयत्न चुकले की कार्ड सामान्यतः बंद पडते, म्हणून एवढा लहान क्रमांकही पुरतो. परंतु आपण जन्माचे साल घातले की १०,००० शक्यतांच्या जागी जेमतेम शंभर उरतात आणि ओळखीच्या माणसाला तर एकच.

सहावी गोष्ट ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा आकडा. इंटरनेटवरील कार्डाच्या व्यवहारांना असा दुसरा पुरावा हवाच, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. ओटीपी कार्डावर नसतो, कोणत्या कागदावर नसतो. तो आपल्या हातात काही मिनिटांपुरता जन्मतो.

तीन दारे

आता चोराचे तीन मार्ग पाहू.

पहिला मार्ग कार्डाचा. खिशातून कार्ड मारणे, एटीएमच्या तोंडावर पट्टी वाचणारे खोटे यंत्र चिकटविणे, वर बारीक कॅमेरा लावून पिन टिपणे हे या जातीचे उद्योग. चिपने या दाराला बरीच भक्कम कडी घातली आहे. एक फट मात्र नवी आहे. यंत्राला नुसते कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय निघाली आणि १ जानेवारी २०२१ पासून अशा व्यवहाराची पिनशिवायची मर्यादा २,००० रुपयांवरून ५,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. तेव्हा कार्ड हरवले तर ‘पिन कोणाला माहीत आहे?’ असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही.

दुसरा मार्ग कोठाराचा. लाखो कार्डांची माहिती एकत्र साठते तेथेच दरोडा घालावयाचा. २०१६ साली एटीएम यंत्रणेत शिरलेल्या घातक प्रणालीमुळे आपल्या देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली होती. त्याहून बोलके उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी या बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव केला आणि पैसे देण्यास संमती देणारी उत्तरे बँकेऐवजी आपणच देण्याची व्यवस्था केली. नक्कल केलेल्या कार्डांनी भारतासह अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. बँकेचे एकूण ९४ कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले. ग्राहकांनी कितीही सावधगिरी बाळगली असती तरी हा प्रकार टळला नसता.

या दाराची राखण बँकेने आणि दुकानदाराने करावयाची असते. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंटरनेटवरील दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा खरा क्रमांक साठविण्यास मनाई झाली. त्याऐवजी ‘टोकन’ म्हणून एक बदली क्रमांक साठविला जातो. तो त्या एका दुकानापुरताच असल्यामुळे चोरीस गेला तरी दुसरीकडे कुचकामी ठरतो.

तिसरा मार्ग माणसाचा, आणि आज सर्वांत वहिवाटीचा तोच. चिप फोडता येत नाही, टोकन कामाचे नाही, ओटीपीचा अंदाज बांधता येत नाही. मग किल्लीच ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे ती मागावी, हे सोपे. झारखंडमधील जामताडा हा जिल्हा अशा फोनवरील फसवणुकीसाठी देशभर कुप्रसिद्ध झाला. तेथल्या तरुणांना कार्डाचे गणित फोडावे लागले नाही. त्यांनी माणसाच्या मनाचे गणित ओळखले.

हे गणित दोन आकड्यांचे आहे : भीती आणि लोभ. ‘तुमचे कार्ड आज रात्री बंद होणार’, ‘तुमच्या नावावर मोठी खरेदी झाली आहे, ती रद्द करावयाची तर आलेला आकडा सांगा’ ही भीतीची भाषा. ‘तुमचे बक्षिसाचे गुण संपत आले आहेत’, ‘कार्डाची मर्यादा वाढवून देतो’ ही लोभाची. दोन्हींत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे घाई. विचार करावयास, घरात कोणाला विचारावयास सवड मिळाली की डाव फसतो, हे फोन करणाऱ्याला पक्के ठाऊक असते. आपल्या बेळगावात अशा फोनची भाषा मराठी असेल, कन्नड असेल किंवा हिंदी असेल. तो आपल्या भाषेत गोड बोलला म्हणजे आपला झाला, असे मात्र समजू नये.

या दाराचे आणखी काही प्रकार आहेत. बँकेच्या मदत केंद्राचा क्रमांक म्हणून इंटरनेटवर ठगांचाच क्रमांक पसरविणे. ‘मदत करतो’ म्हणून दूरवरून आपल्या मोबाईलचा पडदा पाहू देणारे ॲप उतरवून घ्यावयास लावणे. लग्नाची पत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल पाठविणे. ती उघडून मोबाईलमध्ये बसविली की येणारे संदेश परस्पर चोराकडे जाऊ शकतात, म्हणजे ओटीपी तोंडाने सांगावयाचीही गरज उरत नाही.

आपण काय करावे?

वरील विवेचनावरून नियम आपोआप निघतात, ते पाठ करावे लागत नाहीत.

एक, पिन, सीव्हीव्ही आणि ओटीपी या तीन किल्ल्या. त्या बँकेच्या माणसालाही सांगावयाच्या नाहीत, कारण बँकेला त्यांची पडताळणी यंत्राने करता येते, माणसाकडून ऐकण्याचे तिला प्रयोजनच नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून मोबाईलमध्ये ठेवणे किंवा मित्राला पाठविणे म्हणजे कुलपाला किल्ली लावून ठेवण्यासारखे आहे.

दोन, ओटीपीचा संदेश पूर्ण वाचावा. रक्कम किती आणि ती कोणाला जाणार हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. पैसे ‘परत मिळविण्यासाठी’ म्हणून आलेल्या आकड्यासोबत पैसे खर्ची पडणार असल्याचा उल्लेख असेल, तर खोटेपणा तेथेच उघड होतो.

तीन, न लागणारी दारे बंद ठेवावीत. इंटरनेटवरील, परदेशातील आणि टेकवून करावयाचे व्यवहार चालू-बंद करण्याची व रोजची मर्यादा ठरविण्याची सोय ग्राहकाला द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढला. बँकेच्या ॲपमध्ये ही सोय असते. परदेशातील अनेक दुकाने ओटीपी न विचारता पैसे घेतात. कार्ड खडे बाजारात आपल्या खिशात असते आणि त्याच वेळी त्याचा क्रमांक सातासमुद्रापलीकडे खरेदी करीत असतो, असे घडू शकते. परदेशी खरेदी करावयाची नसेल तर ते दार लावून घ्यावे.

चार, फोन आला तर ठेवून द्यावा आणि कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. कोणी केलेला फोन आणि आपण केलेला फोन यांत हाच मोठा फरक आहे. संकेतस्थळाचा पत्ताही नीट वाचावा. भारतीय बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते घ्यावेत असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली ठरविले आहे. तोही दुव्यावर बोट न दाबता स्वतः टंकलिखित करावा.

पाच, विद्यार्थ्यांसाठी विशेष. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल मांडून ‘फुकट कार्ड, वर भेटवस्तू’ असे सांगणाऱ्याच्या हाती आधार आणि पॅनच्या प्रती देऊ नयेत. त्या प्रतींवर आपल्या नावाने दुसऱ्याच कोणाला कर्ज मिळू शकते. द्यावीच लागली तर प्रतीवर कारण आणि तारीख लिहून सही करावी. आपल्या नावावर कोणती कार्डे व कर्जे आहेत याचा अहवाल पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, तो अवश्य पाहावा. न मागितलेले कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी मनाई केली आहे. तसे कार्ड गळ्यात पडले तर तक्रार करावी.

चोरी झालीच तर

येथे घड्याळाला फार महत्त्व आहे. प्रथम बँकेच्या ॲपवरून किंवा फोनवरून कार्ड बंद करावे. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात भराभर सरकत असतो, तो वाटेत अडविण्यासाठीच ही व्यवस्था आहे. मग बँकेला लेखी तक्रार द्यावी, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवावी आणि संदेश पुसून टाकू नयेत.

मघाशी नुकसान कोणाच्या पदरात पडते हा मुद्दा निघाला होता, तो आता पाहू. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने व्यापारी बँकांसाठी असा दंडक घातला की, दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर काहीही जबाबदारी नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, पण बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तरीही त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळविले तर ती मर्यादित, म्हणजे पाच लाख रुपयांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यानंतर मात्र बँकेच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाने स्वतः किल्ली दिली असेल तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. शिवाय ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकण्यात आला. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून आपल्या बँकेचा सध्याचा नियम पाहून ठेवावा. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

दिवसांच्या या हिशेबात आपल्याकडे एक मोठा अडसर आहे, तो म्हणजे लाज. वडिलांच्या कार्डावरचे जोडकार्ड घेऊन शिकावयास आलेला मुलगा फसला, तर आधी घरी काय सांगावे या विवंचनेत चार दिवस घालवतो. निवृत्त शिक्षक फसले, तर ‘एवढे शिकलेले असून!’ हे शब्द ऐकावे लागतील म्हणून गप्प बसतात. परंतु फसविणारे हाच धंदा रात्रंदिवस करीत असतात. त्यांच्यापुढे एखाद्या बेसावध क्षणी कोणीही फसू शकतो. चोराने घेतले ते काही मिनिटांत घेतले. उरलेले पुष्कळदा आपल्या मौनाने जाते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, दोन गोष्टी घरोघरी पोहोचवावयाच्या आहेत. आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना कार्डातील नाव कोणते आणि किल्ल्या कोणत्या, हे एका संध्याकाळी बसून समजावून सांगा, आणि १९३० हा आकडा त्यांच्या मोबाईलमध्ये घालून द्या. आणि कोणी फसल्याचे सांगू लागला, तर त्याला प्रथम रागावू नका. ‘किती वेळ झाला?’ एवढेच विचारा आणि फोन लावून द्या. बोल लावावयाचाच असेल तर त्यासाठी पुढे पुष्कळ दिवस आहेत.